जुन्या स्पोर्ट्स कारचा विमा खऱ्या किमतीला कसा उतरवायचा (बडोदेकरांसाठी, बाकीच्यांनाही चालेल)

माझ्याकडे २००७ ची पोर्शे बॉक्सटर आहे, जीजे-०६ पासिंग, आणि बडोद्यात अशी गाडी ठेवली की दोन प्रश्न ठरलेले. सिग्नलवर शेजारचा बाइकवाला विचारतो, "एवरेज केटली आपे छे?" आणि घरी कोणी काका आले की, "एवढ्या जुन्या गाडीचा इन्शुरन्स तरी मिळतो का रे?" मिळतो हो. पण ज्या किमतीला मिळायला पाहिजे त्या किमतीला आपोआप मिळत नाही, मागून घ्यावा लागतो, आणि मागायचा कसा हे एजंट लोकांनाही बऱ्याचदा माहीत नसतं कारण त्यांचा सगळा धंदा स्विफ्ट-क्रेटावर चालतो. जुनी ९११, बॉक्सटर, एसएल, झेड४, टीटी, ३७०झेड असं काहीही ज्यांच्याकडे आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय.

१) आधी आयडीव्ही म्हणजे काय ते नीट समजून घ्या

आयडीव्ही म्हणजे इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण संपली तर कंपनी जास्तीत जास्त देईल तो आकडा. नव्या गाडीला याचं कोष्टक ठरलेलं आहे, इंडियन मोटर टॅरिफमध्ये (गाड्यांच्या विम्याचे दर आणि नियम असलेलं पुस्तक) २००२ पासून: शोरूमच्या किमतीतून ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के कमी, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. इथे कोष्टक संपतं. ५ वर्षांच्या पुढच्या आणि बंद झालेल्या मॉडेलच्या गाड्यांसाठी नियम एवढाच की आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची.

ही ओळ पाठ करून ठेवा, सगळा खेळ हिच्यावर आहे. विम्याच्या ऑनलाइन पोर्टलवर जो आकडा दिसतो तो कायद्याने ठरवलेला नाही, कुठल्यातरी सॉफ्टवेअरने दरवर्षी थोडं थोडं कापत काढलेला आहे. आणि एकदा आकडा पॉलिसीवर छापला गेला की टोटल लॉससाठी वर्षभर तीच गाडीची बाजारभावाची किंमत धरायची, मधे आणखी घसारा लावायचा नाही, हेही टॅरिफमध्येच लिहिलंय. म्हणजे भांडायचं ते पॉलिसी घेताना, नंतर नाही.

आता लोकांचं लॉजिक असतं की आयडीव्ही कमी ठेवली तर प्रीमियम वाचतो आणि चोरी कोण करतंय अशी गाडी, लपवणार कुठे. पण चोरी हा मुद्दाच नाहीये. मुद्दा ७५ टक्क्यांचा आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरते, म्हणजे दुरुस्त न करता पूर्ण संपली असं मानते. समजा तुमच्या गाडीची खरी किंमत २२ लाख आहे आणि पॉलिसीवर ८ लाख लिहिलेत. ८ लाखाचे ७५ टक्के झाले ६ लाख. बॉक्सटरला रेडिएटर पुढे बंपरच्या दोन्ही कोपऱ्यात असतात, त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर, बाजूला हेडलाइट, म्हणजे पुढून नीट आदळली तर हे सगळं एकदम जातं, त्यात एअरबॅग उघडल्या, सस्पेन्शन गेलं, आणि एस्टिमेट आलं १४ लाखाचं. हा खर्च मोजताना घसारा वजा केलेला आकडा धरायचा की आख्खं एस्टिमेट, यावर सर्व्हेयरशी (नुकसान तपासायला येणारा माणूस) वाद होतो, पण इथे कसाही मोजला तरी ६ लाखाच्या वर जाणार. झाली टोटल लॉस. तुमच्या हातात ८ लाख आणि गाडी गेली, किंवा भंगाराची किंमत त्यातून वजा करून गाडी स्वतःकडे ठेवायची, आणि पोर्शेचं भंगार स्वस्तात जात नाही म्हणून वजावट पण मोठी. हीच आयडीव्ही २२ लाख असती तर मर्यादा साडेसोळा लाख, गाडी दुरुस्त झाली असती. कमी आयडीव्हीमुळे दुरुस्त होणारी गाडी कागदावर भंगार ठरते, आणि ती परत मिळणं अवघड, कारण ३ वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी बाहेरून आयात करता येत नाही, जे नग भारतात आहेत तेवढेच.

२) कागद सरळ करा

किमतीच्या गप्पा नंतर. कागदात घोळ असेल तर २२ लाखाची पॉलिसी पण कामाची नाही.

आरसी चालू आहे का ते आधी बघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, मग दर ५ वर्षांनी रिन्यू. १५ वर्षांच्या पुढच्या इम्पोर्टेड कारची रिन्युअल फी एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांच्या पुढे गेली की ८०,०००. जोरात लागतं, मान्य, पण म्हणून टाळू नका. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेम्पररी रजिस्ट्रेशन संपलेल्या गाडीच्या चोरीचा क्लेम नाकारणं बरोबर ठरवलं होतं, रजिस्ट्रेशनच नाही तर पॉलिसीच्या मूळ अटीचाच भंग. दरजीपुऱ्याला आरटीओत जाऊन यायचा कंटाळा त्यापुढे काहीच नाही.

मग चॅसिस नंबर. १७ आकडी-अक्षरी नंबर, पोर्शेचा डब्ल्यूपीझिरोने सुरू होतो, आरसीवर कितीतरी गाड्यांचा एखादं अक्षर चुकलेला असतो, शून्याच्या जागी ओ वगैरे. गाडीवरचा नंबर, आरसीवरचा आणि पॉलिसीवरचा अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिन नंबरचं पण तसंच, त्यातून इंजिन कधी बदललेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का बघा.

नुकतीच सेकंडहँड घेतली असेल तर सगळ्यात मोठी फसगत इथे होते. जुन्या मालकाच्या पॉलिसीतला थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही, त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला लेखी कळवावं लागतं. डीलर म्हणतो "पॉलिसी चालू छे, चिंता ना करो" आणि आपण खूश. शिवाय जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुमचा नसतो, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्याच्या बोनसवर पॉलिसी चालवलीत तर क्लेमच्या वेळी हमखास निघतं.

आणि गाडी कार्नेवर आलेली म्हणजे तात्पुरत्या आयातीतली, किंवा कस्टमचे कागद "नंतर देतो" वाली असेल तर विम्याचा विचार सोडा, गाडीचाच सोडा.

फाइलमध्ये हे सगळं लावा, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही:

- आरसी, पीयूसी, तुमचं पॅन-आधार
- मागच्या पॉलिसी, मिळतील तेवढ्या वर्षांच्या
- नो क्लेम बोनस दुसऱ्या गाडीवरून आणत असाल तर त्या कंपनीचं पत्र
- मूळ इन्व्हॉइस मिळाला तर उत्तम. गाडी खासगी आयात असेल तर बिल ऑफ एंट्री आणि ड्यूटी भरल्याची पावती
- तुम्ही गाडी घेतली तेव्हाचा व्यवहार: करारनामा आणि बँकेची एंट्री (रोखीने घेतली असेल तर हा पुरावा नाही, हे घेतानाच लक्षात ठेवा)
- सर्व्हिसची सगळी बिलं
- व्हॅल्युएशन रिपोर्ट आणि फोटो, ते पुढच्या पायरीत

३) किंमत ठरवा, पण पुराव्यासकट

"माझी गाडी २२ लाखाची आहे" असं नुसतं म्हणून कोणी ऐकत नाही. तेच मॉडेल, तीच पिढी, एक-दोन वर्षं मागेपुढे अशा विक्रीच्या जाहिराती गोळा करा, मुंबई-दिल्ली-बंगळुरूच्या मिळतात, बडोद्यात एक पण मिळणार नाही. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, किलोमीटर, किंमत दिसली पाहिजे. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नसतो, म्हणून मी सगळ्यात महाग नग काढून टाकतो आणि उरलेल्यांच्या मधला धरतो. जास्त हाव करू नका. फुगवलेल्या आकड्यावर प्रीमियम फुकट जातो आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेयर पहिला प्रश्न त्यावरच काढतो.

त्यानंतर स्थिती. पहिल्या म्हणजे ९८६ पिढीच्या आणि ९८७ पिढीच्या सुरुवातीच्या, साधारण २००८ पर्यंतच्या बॉक्सटरला आयएमएस बेअरिंगची (इंजिनच्या आतल्या एका शाफ्टचं बेअरिंग, ते गेलं की इंजिन जातं) भीती असते, ते बदललंय का, बिल आहे का. कॉम्प्रेशन किंवा लीकडाउन टेस्ट, इंजिनच्या कॉम्प्युटरमधून काढलेला ओव्हर-रेव्हचा (इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलंय त्याचा) रिपोर्ट, पेंटची जाडी मोजलेली, टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा कोड. हे सगळं विमा कंपनीला कळतं असं नाही, पण व्हॅल्युअरला कळतं, आणि त्याच्या रिपोर्टमध्ये ते आलं की आकड्याला आधार मिळतो.

व्हॅल्युएशन आयआरडीएआयचं (विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) लायसन्स असलेल्या मोटर सर्व्हेयरकडून करून घ्या. शक्यतो अशा गाड्या आधी पाहिलेला माणूस शोधा, बडोद्यात नसेल तर अहमदाबादहून बोलवा. जाण्यायेण्यासकट फी आधी ठरवून घ्या. रिपोर्टमध्ये चॅसिस नंबर, किलोमीटर, गाडी पाहिल्याची तारीख, फोटो, लायसन्स नंबर आणि सही-शिक्का पाहिजे. आकडा शब्दातही लिहायला सांगा. कोणी गाडी न बघता व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट देतो म्हणाला तर नको म्हणा.

मधेच एक सांगून टाकतो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूटचा कार शो झाला तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी "व्हिंटेज करून घे" चालू आहे. व्हिंटेज म्हणजे जुनी असं नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांच्या वरची, मूळ रूपात ठेवलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदते, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, आणि ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. २००७ च्या गाडीला अजून बराच वेळ आहे.

४) पोर्टल सोडा, ऑफिसात जा

ऑनलाइन साइटवर एकतर तुमचं मॉडेल लिस्टमध्ये नसतं, किंवा असतं आणि आयडीव्हीची पट्टी एका मर्यादेपुढे सरकत नाही. म्हणून ऑफलाइन. सरकारी कंपन्यांची ऑफिसं गावात आहेत, प्रायव्हेटवाल्यांचीही ब्रँच असते, किंवा लायसन्सवाला ब्रोकर धरा जो एकदम दोन-चार कंपन्यांना प्रपोजल पाठवतो. मला ब्रोकरचा मार्ग जास्त पटतो, क्लेमच्या वेळी त्यालाही फोन करता येतो.

काउंटरवर ऐकायला मिळणारं वाक्य ठरलेलं: "साहेब, सिस्टिम एवढंच घेते." यावर वाद घालू नका, काउंटरवरच्या माणसाच्या हातात खरंच नसतं. त्याला एवढंच सांगा की ५ वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही आपसात ठरवायची असते, हा व्हॅल्युएशन रिपोर्ट, ही फाइल, हे अंडररायटिंगला (किती रकमेचा विमा द्यायचा ते ठरवणारा विभाग) पाठवा आणि मंजुरी ईमेलवर द्या. मग ते रीजनल किंवा हेड ऑफिसला जातं, थोडा वेळ लागतो, म्हणून जुनी पॉलिसी संपायच्या निदान महिनाभर आधी सुरुवात करा. शेवटच्या आठवड्यात गेलात तर तेच तुम्हाला घाईला लावतात आणि तुम्ही मिळेल त्या आकड्यावर सही करता. पॉलिसी मधे तुटली तर इन्स्पेक्शन वेगळं, आणि ९० दिवसांच्या वर गेली तर नो क्लेम बोनस पण गेला.

तोंडी "हो जाएगा" ला काही किंमत नाही. ईमेलमध्ये गाडीचा नंबर, चॅसिस नंबर आणि मान्य केलेली आयडीव्ही एका ओळीत आली पाहिजे.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. अलॉय, एक्झॉस्ट, रीमॅप, महाग स्टिरिओ जे बाहेरून बसवलंय ते सगळं लिहा, अॅक्सेसरीजची किंमत वेगळी दाखवता येते. एजंट म्हणेल "ते लिहू नका, प्रीमियम वाढेल". लिहा.

५) प्रीमियम किती येतो

जुन्या टॅरिफमध्ये १५०० सीसीच्या वरच्या, १० वर्षांवरच्या गाडीला बडोद्यासारख्या बी झोनच्या शहरात दर आयडीव्हीच्या साडेतीन टक्क्यांच्या जरासा वर होता. आता कंपन्या आपापले दर लावतात आणि त्यावर सूट देतात. २२ लाखावर त्या दराने साधारण ७९ हजार, ८ लाखावर पावणेएकोणतीस हजार. समजा दोन्हीकडे निम्मी सूट मिळाली तर फरक पंचवीस हजाराचा, १८ टक्के जीएसटी धरून तीस हजाराच्या आत. एवढ्या पैशात १४ लाखाचं जास्तीचं कव्हर. थर्ड पार्टीचा भाग आयडीव्हीवर अवलंबूनच नाही, १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, सगळ्यांना तेवढाच. १५ लाखाचं मालक-चालकाचं अपघात कव्हर दुसऱ्या पॉलिसीत आधीच असेल तर इथे परत घेऊ नका.

६) पॉलिसी आली की त्याच दिवशी वाचा

नाव, चॅसिस, सीसी (माझ्या गाडीला २६८७), आयडीव्ही, नो क्लेम बोनसचा टक्का. चुकलं असेल तर लगेच एंडोर्समेंट (पॉलिसीतली लेखी दुरुस्ती) मागा.

आता कडू भाग. आयडीव्ही खरी लिहिली म्हणून सगळे पैसे मिळत नाहीत. छोट्यामोठ्या दुरुस्तीच्या क्लेममध्ये पार्ट्सवर घसारा वेगळा कापतात: प्लास्टिक-रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग ५० टक्के, फायबर ३० टक्के, काच शून्य, आणि पत्रा वगैरे धातूचे भाग गाडीच्या वयाप्रमाणे, १० वर्षांच्या वर ५० टक्के. वर १५०० सीसीच्या पुढे २,००० रुपये सक्तीचा एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुमचा वाटा. म्हणजे वरच्या १४ लाखाच्या एस्टिमेटमधले निम्म्यापर्यंत तुमच्या खिशातून. झिरो डेप (पार्ट्सवर घसारा न कापणारं जादा कव्हर) यावरचा इलाज आहे पण तो जुन्या गाडीला सहसा देत नाहीत, रिटर्न टू इन्व्हॉइस (टोटल लॉसला मूळ बिलाची किंमत देणारं कव्हर) तर अजिबातच विसरा. तरीही विचारून बघा, व्हॅल्युएशन रिपोर्ट आणि कंपनी सर्व्हिसची बिलं असली की कधीकधी अंडररायटर वयाची अट सैल करतो, लेखी मिळालं तरच धरा.

टोइंगचे मूळ पॉलिसीत १,५०० रुपये मिळतात, त्यात फ्लॅटबेड गोल्डन चोकडीपर्यंतच जाईल. गाडी अहमदाबाद किंवा मुंबईला न्यावी लागणार हे ठरलेलंच आहे तर मोठं रोडसाइड कव्हर घ्या. आणि रेसिंग, स्पीड टेस्टिंग हे कव्हरच्या बाहेर. ट्रॅक डेला गेलात आणि भिंतीला लावलीत तर फोटो इन्स्टावर टाका, क्लेम टाकू नका.

७) बडोद्याचा खास मुद्दा: विश्वामित्री

पूर हा साध्या पॅकेज पॉलिसीत कव्हर आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी सोडून ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. अशा वेळी कमी आयडीव्हीवाली स्पोर्ट्स कार सरळ टोटल लॉसमध्येच जाते, कारण वायरिंग आणि कंट्रोल युनिटचंच बिल मर्यादा ओलांडतं. बॉक्सटरचं अलार्मचं युनिट तर सीटखाली जमिनीलगत असतं, तिला पुराची पण गरज नाही, सॉफ्ट टॉपची पाणी जायची भोकं तुंबली तरी पुरे. पावसाळ्याआधी ती साफ करा.

पाणी उतरल्यावर गाडी स्टार्ट करायची नाही, इग्निशन ऑन करायचं नाही, कोणी कितीही "एकदा बघूया तरी" म्हणो. पुराने झालेलं नुकसान कव्हर आहे, पण पाणी गेलेलं इंजिन फिरवून तोडलंत तर कंपनी त्याला तुमचा हलगर्जीपणा म्हणते. बॅटरी काढा, पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या, मग फ्लॅटबेड. इंजिन प्रोटेक्शनचं अॅड-ऑन या वयाला बहुतेक मिळत नाही, म्हणून बडोद्याच्या काळाघोड्याला नदीची पातळी वाढायला लागली की मी गाडी उंचावरच्या ओळखीच्या जागी नेऊन ठेवतो. समा, अकोटा, कारेलीबागवाल्यांनी अशी जागा जूनमध्येच ठरवून ठेवावी.

८) रिन्युअलला झोपू नका

पहिल्या वर्षी एवढं सगळं केलंत, पुढच्या वर्षी मोबाईलवर लिंक येते, दोन मिनिटात पैसे भरा म्हणून. त्या लिंकमध्ये आयडीव्ही परत कापलेली असते. लिंकवरून भरू नका, मागच्या वर्षीचा मंजुरीचा ईमेल जोडून परत तोच आकडा मागा. बाजारात गाडीची किंमत वाढली असेल तर नवा रिपोर्ट काढा, जुनी ९११ वगैरे असेल तर हे नक्की करा. काही कंपन्या दरवर्षी नवा रिपोर्ट मागतात, काही नाही मागत, माझ्या मते दोन वर्षांनी एकदा काढलेला बरा.

९) कंपनी ऐकत नसेल तर

आयडीव्ही द्यायची की नाही हा पॉलिसीच्या आधीचा व्यवहार आहे, तिथे दुसरी कंपनी हाच उपाय. पण पॉलिसीवर २२ लाख छापलेत आणि टोटल लॉसला कंपनी "बाजारभाव एवढाच" म्हणून कमी देत असेल तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखापर्यंतचे वाद घेतात. बडोद्याची तक्रार अहमदाबादच्या ऑफिसात जाते, इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांची भोपाळला.